चोर माल आणून ठेवत नाही

*काका, सप्रेम नमस्कार.*

*मी विल्होळीच्या एका गोदामात साठ्याचं काम बघते. बी.कॉम. झालेय, वय २७. आमच्या शेठचं ठिबकचं सामान, पीव्हीसी पाइप-फिटिंग, खतं आणि पिकांवरची औषधं असं होलसेल आहे. दुकान दिंडोरी रोडला, माल सगळा इकडे. साधारण १,४०० आयटम, एक कोटी नव्वद लाखांचा साठा.*

*३१ मार्चच्या रात्री आम्ही आठ जणांनी टॅलीची, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरची, प्रिंट हातात घेऊन मोजणी केली. २ लाख १२ हजारांची तूट निघाली. १ लाख ३८ हजारांचा माल जास्तही निघाला, पण त्याकडे कुणी बघितलं नाही. ग्रोमेट, म्हणजे ठिबकच्या नळीच्या सांध्यात बसणाऱ्या रबरी कड्या, तर मी स्वतः काट्यावर मोजले. दहा नग ठेवले, २३ ग्रॅम. सगळे मिळून ११ किलो ३०० ग्रॅम. म्हणजे ४,९१३. पुस्तकात ५,०००. सत्त्याऐंशी कमी!*

*शेठचा संशय गोदामातल्या मामांवर आहे. मामा इथे २२ वर्षं आहेत. मोजणी झाल्यापासून ते आमच्यात चहाला येत नाहीत. शेठ म्हणतात, स्कॅनर घेऊ, कॅमेरे लावू, दिवाळीच्या आधी पुन्हा मोजू आणि मामांना नारळ देऊ. मोजणी नीट कशी करतात ते सांगा. आणि मामांचं मी काय करू?*

*— गोदामातली मुलगी, विल्होळी*

काका म्हणालीस, म्हणून एकेरीवर येतो.

आधी तुझे सत्त्याऐंशी ग्रोमेट सापडवून देतो, म्हणजे बाकीचं ऐकायला तुझं मन थाऱ्यावर येईल. ते कुठे गेलेले नाहीत. तुझा काटा ग्रॅमच्या खालचं दाखवत नाही. दहा ग्रोमेटचं खरं वजन २२.६ ग्रॅम असेल तरी तो २३ दाखवणार. तू त्यावरून एका नगाचं वजन २.३ ग्रॅम धरलंस आणि ११,३०० ला २.३ ने भागलंस, तर ४,९१३ आले. आता २.२६ ने भागून बघ. बरोबर ५,००० येतात. उद्या दहाच्या जागी दोनशे नग हाताने मोजून काट्यावर ठेव. ४५२ ग्रॅमच्या आसपास दाखवलं तर समज, चोर म्हणजे तुझ्या काट्याचा अर्धा ग्रॅम.

वजनावर मोजायला माझी ना नाही. बारीक मालाला दुसरा इलाजही नसतो. पण नमुना मोठा घ्यायचा, डब्याचं वजन आधी वजा करायचं, आणि दोन कंपन्यांचा किंवा दोन लॉटचा माल एका पाटीत ओतायचा नाही. रबर थोडं जाड आलं की नगाचं वजन बदलतं. लॉट बदलला की नमुना नव्याने मोजायचा आणि नगाचं वजन पेनाने डब्यावरच लिहून ठेवायचं.

आता त्या १ लाख ३८ हजारांकडे येऊ. पत्रात तू ते जाता जाता सांगितलंस, पण माझ्या मते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. इतकी वर्षं स्टोअर्समध्ये काढली, पण चोराने रात्री येऊन माल आणून ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. जास्तीचा माल निघतो तो नोंद चुकल्यामुळे किंवा मोजणी चुकल्यामुळे. आणि ज्या गोदामात सव्वा लाखाच्या वर माल चुकीने जास्त दिसतो, तिथे दोन लाखांचा माल चुकीनेच कमी दिसत नसेल कशावरून? शेठसमोर फक्त तूट ठेवली गेली. दोन्हींची वजाबाकी केली तर ७४ हजार उरतात. पण तू त्या ७४ हजारांवरही समाधान मानू नकोस. तूट आणि वाढ यांची बेरीज कर, साडेतीन लाख होतात. एवढ्या रकमेच्या ओळींमध्ये कागद आणि माल यांची फारकत झाली आहे, आणि शोधायचं ते हे.

मामा निर्दोष आहेत, असं यातून सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. नोंदींचा इतका गोंधळ असला की खरी चोरीही त्यात छान लपते. पण आजच्या घडीला शेठकडे त्यांच्याविरुद्ध काहीही नाही आणि तुझ्याकडेही नाही.

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, तर १९९४ साली सातपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मी स्वतः हे करून बसलोय. लेथच्या टूलला लावायचे कार्बाइडचे इन्सर्ट असतात, नखाएवढे तुकडे, दहाच्या पाकिटात येणारे, महाग आणि खिशात सहज मावणारे. चलनावर ३० लिहिलं होतं, नग. मी पाकिटं समजलो आणि बिन कार्डावर, म्हणजे कप्प्यावरच्या साठ्याच्या नोंदपत्रावर, ३०० चढवले. वार्षिक मोजणीत २७० कमी. स्टोअर्सला एक मदतनीस होता, त्याच्याकडे कपाटाची किल्ली असायची. त्याला कुणी चोर म्हटलं नाही, नुसतं स्क्रॅप यार्डात पाठवलं. चार महिन्यांनी अकाउंट्सने जुनी बिलं आणि आवक ताडून पाहिली तेव्हा माझ्या हस्ताक्षरातली नोंद समोर आली. तोवर तो नोकरी सोडून गावी गेला होता. मी त्याच्या गावी गेलो नाही. जायला हवं होतं.

असो. तुझ्याकडे कामाला लागू.

पुन्हा मोजणीची घाई करू नकोस. आधी मार्चच्या फरकांची यादी काढ आणि रकमेनुसार लाव, सगळ्यात मोठा फरक वर. तूट आणि वाढ एकाच यादीत राहू दे. आता जोड्या शोध. १६ एमएमचं एखादं फिटिंग चाळीसने कमी आणि शेजारच्या २० एमएमचं चाळीसने जास्त असेल, तर माल तोच आहे, बिलात कोड चुकलाय. एका कंपनीचं १९:१९:१९ खत कमी आणि दुसरीचं तेवढंच जास्त, तेही तसंच. माझा अंदाज, पहिल्या दोन दिवसांतच यादी बरीच आखडेल.

मग टॅलीत ज्या आयटमचा साठा कधी वजा गेला होता ते बघ. नसलेला माल विकता येत नाही. साठा वजा दिसला म्हणजे आवक चढायची राहिली, नाहीतर आवक किंवा विक्री भलत्याच नावावर चढली. कुणाला न दुखावता चूक सापडण्याची ही सगळ्यात सोपी जागा आहे, आणि लोक ती बघतच नाहीत.

त्यानंतर ३१ मार्चची सरहद्द. मोजणीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि तुमच्या धंद्यात तर हमखास. मार्च एंडिंगला कंपन्यांचे लोक टार्गेट पुरं करायला माल टाकतात. बिल ३१ तारखेचं, ट्रक पाथर्डी फाट्यावर येतो २ एप्रिलला. पुस्तकात माल आला, रॅकवर नाही. तुझ्या यादीत ही तूटच दिसणार. दुसऱ्या बाजूने, निफाडचा किंवा कळवणचा दुकानदार बिल करून पैसे देऊन जातो आणि माल म्हणतो पुढच्या आठवड्यात उचलतो. पुस्तकातून गेला, रॅकवर आहे, म्हणजे वाढ. मोजणी सुरू करण्याआधी शेवटच्या आवकेचा नंबर आणि शेवटच्या जावक चलनाचा नंबर एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. तुम्ही तसं केलं नसावं. आता मागे जाऊन २५ मार्च ते ७ एप्रिलची बिलं आणि गेटवरची वही समोरासमोर धर. कंटाळवाणं काम आहे. एक दुपार लागेल.

आणि चिठ्ठ्या! दुकानातून फोन येतो, "दोन बंडल पाठव, बिल मागून करतो." टेम्पोवाल्याच्या हातात चिठ्ठी जाते, बिल राहून जातं. ही चिठ्ठी कुणी लिहिली? बहुतेक वेळा शेठनेच. ते जरा सांभाळून विचार. स्कीमचा माल हाही तसाच घोळ. दहावर एक फुकट आलेला बॉक्स आवकेत चढवला नाही की वाढ, आणि दुकानदाराला दिलेला बिलात धरला नाही की तूट.

एककं तपास. इथे मी स्वतः पोळलोय म्हणून जास्त बोलेन. एल्बो, म्हणजे पाइपाचे कोपरे, पिशवीवर चढतात आणि नगावर विकले जातात. स्क्रू-वॉशर कुठे ग्रोसने येतात, म्हणजे १४४, आणि कुणीतरी ते शंभराच्या हिशोबाने धरतो. लॅटरलचं, म्हणजे ठिबकच्या बारीक नळीचं, बंडल एका कंपनीचं ४०० मीटरचं, दुसरीचं ५०० चं, आणि पुस्तकात दोन्ही "बंडल १". युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, डीएपीची ५० चीच. टनावरून गोण्या काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात अजून वीस गोण्यांचा टन बसलेला असतो, युरियाच्या मात्र टनाला बावीसच्या वर जातात. प्रत्येक आयटमला एकच एकक ठरव, शक्यतो ज्यात माल विकला जातो ते, आणि खरेदीचं एकक टॅलीत त्याच्याशी जोडून टाक.

एवढं झाल्यावर जे उरेल ती खरी तफावत. तीही चोरीच असेल असं नाही, फुटलेलं, उंदरांनी कुरतडलेलं, ओलं झालेलं, परत आलेलं पण कोपऱ्यात पडलेलं असं बरंच असतं. फक्त एक बोलणं ऐकून घेऊ नकोस, "थोडी घट असतेच." लासलगावच्या चाळीत कांदा घटतो, हे मान्य. एल्बो घटत नाही.

आता मोजायचं कसं.

तुमची मार्चची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आकडे छापलेली प्रिंट हातात घेऊन मोजलंत. रात्रीचे अकरा वाजलेले, पाय दुखताहेत, कागदावर २४० लिहिलंय आणि समोर थप्पी साधारण तेवढीच दिसते. माणूस टिक करतो. मीही केली असती. मोजणाऱ्याच्या कागदावर आयटमचं नाव, कोड, जागा आणि एकक एवढंच हवं, आकड्याची जागा रिकामी. पुस्तकातला आकडा माहीत असलेल्या माणसाने त्या वेळी मोजायला जाऊच नये, आणि तो माणूस तुमच्याकडे तू आहेस.

मोठी मोजणी करायची तेव्हा दोन जोड्या कर. प्रत्येक थप्पीला, प्रत्येक कप्प्याला नंबर घातलेली दोन भागांची चिठ्ठी लाव. पहिली जोडी मोजून खालचा भाग भरते आणि फाडून तुझ्याकडे देते. दुसरी जोडी नंतर येते, तिला पहिलीचा आकडा दिसत नाही, ती वरचा भाग भरते. दोन्ही जुळले तर पुढे, नाही तर तिसरा माणूस मोजतो, आणि त्यालाही आधीचे दोन आकडे सांगायचे नाहीत. शेवटी सगळ्या चिठ्ठ्या नंबरवार लाव. १ ते ६०० छापल्या असतील तर सहाशेच्या सहाशे परत आल्या पाहिजेत, खराब झालेल्यासुद्धा. ४३७ सापडत नसेल तर तो कप्पा मोजलाच गेलेला नाही. दुकानातली पाच माणसं बोलावलीस तर प्रत्येकाबरोबर गोदामातला एक दे. दुकानातल्याला टी आणि टेल-पीस यातला फरक कळत नाही, आणि गोदामातल्याने आपलाच माल एकट्याने मोजू नये.

कागदावरून रॅककडे गेलं की नसलेला माल सापडतो. पण कागदावर नसलेला माल सापडायचा तर उलटं चालावं लागतं. म्हणून मोजणी झाल्यावर डोळे मिटून वीस-पंचवीस कप्पे निवड आणि त्यातला माल कागदावर आलाय का बघ. ऑडिटर हेच करतात.

गोण्यांच्या थप्प्यांबद्दल तुला तक्रार करायला जागा आहे, कारण तुमच्याकडे त्या मनाला येईल तशा लावत असणार. नाशकात गोदेला पूर आला की आपण पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावरून सांगतो, आणि पुरासाठी ते पुरतं. थप्पीसाठी नाही. समोरून दहा थर दिसतात, मागून आठ असतात आणि मधे पोकळी. सगळ्या थप्प्या एकाच बांधणीच्या करून घे. एका थरात दहा गोण्या, दहा थर, शंभर. प्रत्येक थप्पीला कार्ड लाव आणि गोणी काढली की त्यावर लिहायचं. एका वेळी एकच थप्पी फोडायची, ती संपल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. मग मोजायला फक्त फोडलेली थप्पी उरते. औषधांच्या बॉक्सलाही हाच नियम कर. एका आयटमचा एकच बॉक्स उघडा, त्यावर जाड मार्करने फुली. सीलबंद दिसणारे पण आतून चार बाटल्या काढलेले बॉक्स मी इतके पाहिलेत की फुली नसलेल्या बॉक्सचीही चिकटपट्टी मी बोटाने दाबून बघतो.

कापलेल्या बंडलला दोरीने पुठ्ठा बांध. मूळ मीटर, कापलेले मीटर, तारीख, सही. पुठ्ठा हरवला तर वजन करता येतं, फक्त भरलेलं बंडल त्याच कंपनीचं आणि त्याच जाडीचं तुलनेला घे. पाइपांची एक गंमत तुला कुणी सांगितली नसेल तर सांगतो. भाडं वाचवायला कंपनीवाले मोठ्या पाइपाच्या पोटात लहान पाइप घालून पाठवतात. ट्रक उतरवताना ते बाहेर काढायचे राहिले तर ११० एमएमचे बरोबर भरतात आणि ७५ एमएमचे कमी. जा आणि टॉर्च मारून बघ. मी हसत नाहीये.

जागेला पत्ता दे. आपल्याकडे माणसांचे पत्तेसुद्धा "फाट्याच्या पुढे, पंपाच्या मागे" असे असतात, पण रॅकला हे चालत नाही. गल्ली, रॅक, कप्पा, जसं क-३-२. तोच पत्ता टॅलीत आयटमपुढे लिही. एक आयटम चार ठिकाणी पडलेला असेल तर तो कधीच नीट मोजला जात नाही, तीन ठिकाणं सापडतात.

आणि मुळात वर्षातून एका रात्री सगळं मोजायची ही पद्धतच मला पटत नाही. मार्चमध्ये तूट सापडते, ती झालेली असते गेल्या जूनमध्ये. नऊ महिन्यांपूर्वी त्या मंगळवारी काय झालं हे कुणाला आठवणार? थोडं थोडं रोज मोजावं. मालाचे तीन गट पाडायचे. ही कल्पना जुनीच आहे. १९५१ साली जनरल इलेक्ट्रिकच्या फोर्ड डिकी यांनी ती साठ्यासाठी मांडली. मूळ निरीक्षण पारेतो नावाच्या इटालियन अर्थतज्ज्ञाचं, की थोड्यांच्या हातात बरंचसं असतं. गोदामातही थोड्याच आयटममध्ये बहुतेक पैसा अडकलेला असतो.

तुझ्या १,४०० आयटमपैकी वर्षभराच्या उलाढालीत सगळ्यात वरचे १४० काढ, ते अ. पुढचे २८० ब. उरलेले ९८० क. अ महिन्यातून एकदा, ब तीन महिन्यांतून एकदा, क वर्षातून दोनदा. वर्षभरात मोजण्या झाल्या १,६८० अधिक १,१२० अधिक १,९६०, म्हणजे ४,७६०. कामाचे तीनशे दिवस धरले तर दिवसाला सोळा. सकाळी पहिला टेम्पो लागायच्या आत दोन माणसं सोळा आयटम चहा गार व्हायच्या आत मोजतात असं म्हणणार नाही, पण तासाभरात नक्की.

गट नुसते पैशावरून पाडू नकोस. खिशात मावणारं आणि महाग, ते अ मध्ये. मुदत असलेली औषधं अ मध्ये, आणि मोजताना बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही लिही. मुदत संपलेलं औषध वेगळं काढून, त्यावर विक्रीसाठी नाही असा शिक्का मारून, पाटी लावलेल्या वेगळ्या जागेत ठेवावं लागतं. ते मोजणीत चालू मालात धरलं जाऊ नये. अनुदानाची खतं अ मध्ये, मग त्यात नफा कितीही थोडा असो. तिथे गोदामातला साठा आणि सरकारी नोंदीतला साठा जुळला नाही तर प्रश्न विचारायला शेठ नाही, कृषी विभागाचा निरीक्षक येतो.

एक सोपी युक्ती आणखी. आयटम संपत आला की मोज. रॅकवर तीन नग उरलेत, मोजायला दहा सेकंद लागतात. टॅली शून्य दाखवते आणि रॅकवर दोन आहेत, लगेच कळलं. टॅली बारा दाखवते आणि कप्पा रिकामा आहे, तर ती चूक आजकालची आहे आणि अजून माणसांच्या आठवणीत आहे. आठशे नग असताना मोजायला कुणाला हौस आहे?

रोजच्या मोजणीत फरक निघाला की टॅलीत आकडा बदलून मोकळं व्हायचं नाही. कारण लिहायचं. महिनाभर कारणं लिहिलीस की तुझ्या लक्षात येईल, निम्म्याहून जास्त फरक दोन-तीन कारणांनीच होतात. आणि आकडा बदलायची परवानगी तुझ्याकडे नको, बदल शेठच्या सहीने व्हावा. आवक-जावक तूच चढवतेस, मोजणीही तूच करतेस आणि आकडाही तूच बदलतेस, तर उद्या संशयाची पाळी तुझ्यावर येईल, आणि तेव्हा तुझ्याकडे दाखवायला काही नसेल.

स्कॅनरचं शेठना सांग, घ्या, पण आत्ता नको. बारकोड दुकानात पहिल्यांदा वाचला गेला तो १९७४ च्या जूनमध्ये, अमेरिकेत, च्युइंगमच्या पाकिटावर. तेव्हापासून यंत्र फार पुढे गेलं, पण ते अजूनही लेबल वाचतं, बॉक्सच्या आत किती आहे ते बघत नाही. चुकीच्या कप्प्यावर चुकीचं लेबल लावलंत तर चूक फक्त लवकर होईल. सहा महिने पत्ते, एककं आणि रोजची मोजणी बसू दे, मग स्कॅनरने तुझे आकडे लिहिण्यातले घोळ खरोखर कमी होतील. कॅमेऱ्याला माझी हरकत नाही. गेटवर लावा, माल चढतो-उतरतो तिथे. रॅकवर रोखून माणसाची पाठ बघण्यात काही मिळत नाही.

दिवाळीच्या आधी मोजायचं, हे मात्र शेठच्या डोक्यातून काढच. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला सप्टेंबरपासूनच पिंपळगाव-दिंडोरीची माणसं दारात उभी असतात, तुमच्याकडे गाड्या रांगेने लागतात. त्या दिवसांत जावक थांबवता येत नाही, आणि न थांबवता केलेली मोठी मोजणी म्हणजे वाहत्या नदीत पाणी मोजणं. ठिबकचा माल पावसाळ्यात शांत असतो. थप्प्या, पत्ते, पुठ्ठे आत्ता करून घे.

तूट घाईने खर्ची टाकू नका, हे शेठना पैशाच्या भाषेत समजावून सांग. हरवलेला, चोरीला गेलेला किंवा पुस्तकातून काढून टाकलेला माल असेल तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावं लागतं. म्हणजे कागदावरच्या चुकीला चोरी म्हटलंत तर वर कर भरायची पाळी. सीएंना विचारूनच काय ते करा. शिवाय बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे साठ्याच्या तारणावरची उचल, असेल तर दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट जातं, ते याच पुस्तकावरून जातं. बँकेचा माणूस गोदाम बघायला आला आणि त्याने चार आयटम मोजायला सांगितले तर?

आता मामा.

शेठकडे जाताना नाव घेऊन जाऊ नकोस, कागद घेऊन जा. एकच पान. कारण सापडलं ते फरक आणि त्यांची रक्कम, कारण शोधतोय ते, आणि कारण सापडत नाही ते. महिनाभराने तिसऱ्या भागात काय उरलंय बघ. तिथे सगळीकडचं थोडं थोडं उरलं असेल तर तो धंद्याचा पसारा आहे. पण तिथे फक्त लहान आणि महाग वस्तू उरल्या, त्याही नेहमी कमीच, आणि पुन्हा मोजल्यावर आणखी कमी, तर मात्र शेठना स्पष्ट सांग की हे नोंदीचं वाटत नाही. तेव्हाही गोदामाची किल्ली कुणाकुणाकडे असते, हा प्रश्न आधी विचारायचा, आणि उत्तर बहुतेक वेळा एकाहून जास्त नावांचं असतं. कंपन्यांच्या ऑडिटरना एखाद्या प्रकारच्या मालात १० टक्के किंवा जास्त तफावत निघाली तर अहवालात तसं नमूद करावं लागतं. तुमची पेढी त्यात बसत नसेल, पण प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. तुमची तूट सगळ्या साठ्याच्या सव्वा टक्क्याच्याही आत आहे. त्यावर कुणाची २२ वर्षं तोलायची नसतात.

मामांना तू मोजणीत घे. बाजूला ठेवून नाही होणार हे काम. कुठलं बंडल कुणी कापलं, कुठला बॉक्स परत आला आणि कुठे टेकवला, हे टॅलीत नाही, त्यांच्या डोक्यात आहे. यादीतले पहिले वीस फरक घेऊन त्यांच्यापुढे बस आणि "हे कुठे गेलं" असं न म्हणता "हे कुठे असेल" असं विचार. त्यांच्याबरोबर मोजायला दुकानातला एक जण दे, आणि ते का हेही त्यांना सांग, की आपला माल एकट्याने मोजला की संशयही एकट्यावर येतो. ग्रोमेट मात्र त्यांच्यासमोरच मोज. दोनशे नग त्यांनाच मोजू दे, काटा त्यांनाच वाचू दे, आणि शेठ त्या वेळी गोदामात असतील असं बघ.

चहाचं म्हणशील, तर त्या दिवशी गोदामातच मागव. पाच कप.

ताजा कलम: वरचा थर मोजायला थप्पीवर चढू नका, शिडी घ्या. गोणी सरकली की माणूस गोण्यांसकट खाली येतो. आणि औषधांच्या खोलीत मोजायला जाण्याआधी दार-खिडक्या उघडून, हातमोजे आणि मास्क लावूनच जा. तिथे चहा नको.